फोर-व्हील-ड्राइव्हचा ४७:५३ टॉर्क मागे सरकवायचाय. दाते बदलू की नाद सोडू?

पाइपवाला (सातारा) · शनिवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

दोन वर्षं झाली, सुट्टीच्या दिवशी एक गाडी बांधतोय. पाइपचा सांगाडा, दोन सीट, दारं नाहीत, छप्पर नाही. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (इंजिनचा जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) आणि दोन्ही डिफ (डिफरन्शियल, डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे) एकाच ग्रँड व्हिटाराचे आहेत (जुनी २.४ पेट्रोल, आत्ताची हायब्रिडवाली नव्हे). ती बिचारी डाव्या कुशीवर आडवी झालेली, पत्रा गेला, यंत्र धड राहिलं. भंगारवाल्याकडून उचलली. व्हीलबेस मूळचाच ठेवलाय, २६४० मिमी.

गाडी पाटण तालुक्यात मामांच्या रानात चालते. उतारावर तीन आखूड वळणांची वाट काढलीय, जून ते सप्टेंबर तांबडा चिखल. अडचण अशी की वळणावर पुढचं टोक वळतच नाही. स्टिअरिंग पूर्ण कापलं तरी गाडी नाकासमोर बांधाकडे निघते. गॅस दिला तर आणखीच सरळ.

या ट्रान्सफर केसमध्ये सेंटर डिफ आहे (पुढच्या-मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) आणि तो टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, पुढे ४७, मागे ५३ असा वाटतो. फोर्ड सिएरा एक्सआर ४x४ मध्ये हाच वाटा ३४:६६ होता. मलाही तसं काहीतरी हवंय, ३५:६५ धरा. म्हणजे मागून ढकलेल आणि नाक मोकळं राहील. आतले गिअर बदलून हे होतं का? आपल्या भागात कोण करून देईल?

ता. क.: मोकळ्या फरशीवर यू-टर्न घेताना गाडी अडखळते, कट-कट आवाज येतो. सीव्ही जॉइंट (चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे) गेले असावेत. ते नंतर बघेन.

जिप्सीकर (कराड) · शनिवार, रात्री ११:०५

लय भारी प्रोजेक्ट भावा, फोटो टाक आधी.

ट्रान्सफर केस कशाला उघडतोस? क्राऊन-पिनियन (डिफमधली दात्यांची जोडी) बदल. सुझुकीच्या जुन्या एसजे ४१० ला ४.१११ चा रेशो होता, एसजे ४१३ ला ३.७२७. तसंच तुझ्या मागच्या डिफला जरा आखूड रेशो शोध, पुढचा राहू दे. मागच्या चाकाला आपोआप जास्त टॉर्क. एका रविवारचं काम.

माझ्या जिप्सीत ५०:५० आहे, मला कधी त्रास नाही.

हॉबिंगवाली (कुपवाड) · रविवार, सकाळी ७:४०

जिप्सीकर, हात जोडते, हा सल्ला कुणी अमलात आणू नका.

पुढची चाकं आणि मागची चाकं एकाच जमिनीवरून चालतात. ४.१११ आणि ३.७२७ मध्ये दहा टक्क्यांचा फरक आहे. म्हणजे टायर सारखेच असतील तर गाडी नाकासमोर सरळ चालत असतानासुद्धा दोन प्रॉपेलर शाफ्ट दहा टक्के कमी-जास्त वेगाने फिरणार. सेंटर डिफ उघडा असेल तर तो बिचारा पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत आत गरगरत राहील. तो वळणापुरता फिरावा म्हणून बनवलेला असतो, आयुष्यभर फिरायला नव्हे. त्याला व्हिस्कस कपलिंग जोडलेलं असेल तर सिलिकॉनचं तेल तापून ते जाईल. आणि सेंटर लॉक केलं, म्हणजे दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडले, की मग टायर घासतील, नाहीतर काहीतरी तुटेल, यातलं जे स्वस्त असेल ते आधी.

दुसरं म्हणजे, तुमच्या जिप्सीत ५०:५० नाही. तिच्यात सेंटर डिफच नाही. फोरबायफोर टाकलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, दोघांचा वेग एकच. टॉर्कची वाटणी तिथे कुणी ठरवत नाही, जमीन ठरवते. पुढची दोन्ही चाकं शेवाळावर असतील तर जवळजवळ सगळा टॉर्क मागे, उलट असेल तर उलट. वेग सारखा म्हणजे टॉर्क सारखा, हा घोळ निम्म्या यूट्यूबनेही घातलाय.

जिप्सीकर · रविवार, सकाळी ८:१५

बरं बाई, शब्द मागे. पण जिप्सी जिप्सीच.

द्राक्षबाग_तासगाव · रविवार, सकाळी ८:५०

ताई म्हणत्यात ते खरं हाय पण आमच्या ट्रॅक्टरचं जरा येगळं बगा. बागंत चालवायच्या छोट्या फोरबायफोर ट्रॅक्टरला म्होरलं चाक मुद्दाम मागल्यापेक्षा जरा जास्त पळतंय, एक ते पाच टक्के. म्होरनं वढलं पाहिजे म्हणून. रानात माती सरकती, फरक खपून जातो. पण डांबरीवर आलं की लिव्हर खाली. न्हाई पाडली तर म्होरले टायर खोडरबरासारखे झिजत्यात. आमच्या चुलत्यानं मिरजेपातूर तसाच नेला हुता. म्हाग हिशोब कळला.

म्होरला टायर बदलताना निस्ता नंबर बगायचा न्हाई, घेर मोजायचा. पाइपवाले, तुमच्या चार टायरांचा घेर मोजला का?

पाइपवाला · रविवार, सकाळी ९:३०

मोजला. चारी एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले, हवा सारखी. ५ मिमीच्या आत आहेत.

हॉबिंगवाली ताई, क्राऊन-पिनियनचा विचार सोडला. पण सेंटर डिफच्या आतले दाते बदलून?

नियमावली · रविवार, सकाळी १०:०२

तांत्रिक चर्चेत मधेच नाक खुपसतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा ९ जानेवारी २०१९ चा निकाल बघा. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांविरुद्ध जाणारा बदल चालत नाही. ही गाडी एमएच-११ ची पाटी लावून रस्त्यावर आणायचा विचार असेल तर विसरा. आणि कास पठाराकडे तर फिरकूही नका, २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे. तिथे चाकाची एक रेघसुद्धा नको.

पाइपवाला · रविवार, सकाळी १०:२०

मान्य. गाडी ट्रेलरवरून जाते, ट्रेलरवरून येते, मामांच्या बांधाबाहेर तिचं चाक लागत नाही.

हॉबिंगवाली · रविवार, दुपारी ३:१०

जेवणं झाली, आता सविस्तर लिहिते. आमचं घरचं गिअर कापायचं युनिट आहे, त्यामुळे या विषयावर मी थोडी जास्त बोलते. कंटाळा आला तर खाली सरका.

साधा बेव्हल डिफ असेल, म्हणजे एक्सलमध्ये असतो तसा, तर दोन्ही बाजूंचे गिअर सारखे, म्हणून वाटणी ५०:५० च. लँड रोव्हरचा एलटी २३०, लाडा निवा, १९८० ची पहिली ऑडी क्वाट्रो, सगळ्यांत तेच. ४७:५३ हा आकडा बघितल्यावरच कळतं की आतला डिफ दोन्हीकडे सारखा नाही. अशी असमान वाटणी करायला बहुतेक ठिकाणी प्लॅनेटरी सेट वापरतात. मधे सन गिअर, त्याभोवती कॅरिअरवर प्लॅनेट, बाहेर आतून दाते असलेली रिंग.

सोपा प्रकार घेऊ. इंजिनचा जोर कॅरिअरवर, रिंगवरून मागचा शाफ्ट, सनवरून पुढचा. मग टॉर्कची वाटणी म्हणजे निव्वळ दात्यांची वाटणी. रिंगला ७२ दाते, सनला ३६, तर मागे दोन वाटे, पुढे एक. ६७:३३. सिएराची जात हीच. मूळ वाटा तिथे दातेच ठरवतात, ना स्प्रिंग, ना कॉम्प्युटर.

आता तुम्ही म्हणाल, सन बदला, झालं. थांबा. याच रिंगमध्ये ४०:६० करायचंय म्हणू. सन ४८ दात्यांचा लागेल. प्लॅनेटला उरतात (७२ वजा ४८) भागिले २, म्हणजे १२ दाते. आधी १८ होते. नेहमीच्या २० अंशांच्या प्रेशर अँगलला (दात्याच्या कडेचा कल) १७ च्या खाली गेलं की कटर दात्याचं मूळ खातो, दाता कमरेत बारीक होतो. मग प्रोफाइल शिफ्ट द्यावा लागतो, म्हणजे कटर जरा बाहेर सरकवून दाता कापायचा. वर सन आणि प्लॅनेटमधलं अंतर बदललं, मॉड्यूलच्या (दात्याच्या आकाराचं माप) २७ पटीवरून ३० पटीवर गेलं. म्हणजे कॅरिअरमधल्या पिनांची भोकं सरकली, म्हणजे कॅरिअर नवा. एक सन बदलायला गेलात आणि रिंग सोडून सगळं बदलून आलात.

आणि सोप्या प्रकारात रिंग कायम सनपेक्षा मोठीच, त्यामुळे ५०:५० च्या आसपास जाताच येत नाही. तिथे दुहेरी प्लॅनेट लागतात. जोर रिंगवर येतो, एक वाटा सनला, उरलेला कॅरिअरला. सनचे दाते भागिले रिंगचे दाते हा एक वाटा, बाकी दुसरा. सन रिंगच्या निम्मा असेल तर बरोबर अर्धं-अर्धं. ३५:६५ साठी सन बराच लहान करावा लागेल, प्लॅनेटच्या दोन्ही ओळी पुन्हा आखाव्या लागतील.

धातू इएन ३५३ किंवा २० एमएनसीआर ५, केस कार्बुराइझ करून (भट्टीत पृष्ठभागात कार्बन मुरवून) कडकपणा ५८ ते ६२ एचआरसी. भट्टीतून आल्यावर गिअर थोडा वाकडा होतोच, मग ग्राइंडिंग. हे सगळं आमच्या कुपवाडात किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतं. होत नाही ते एक सेट करून देणं. शंभर सांगा, कुणीही करेल.

वाचनवेडा (सांगली) · रविवार, संध्याकाळी ६:४५

वाखु (वाचनखूण) साठवली! ताई, यावर वेगळा लेखच लिहा.

थोडं अवांतर. असमान वाटणीची ही प्लॅनेटरी युक्ती रस्त्यावरच्या गाडीत पहिल्यांदा गाजली ती जेन्सन एफएफमध्ये, १९६६ साली, ३७:६३. एफएफ म्हणजे फर्ग्युसन फॉर्म्युला. त्याच मंडळींची पी ९९ ही फॉर्म्युला वन गाडी १९६१ मध्ये औल्टन पार्कला स्टर्लिंग मॉसने जिंकवली. फोर-व्हील-ड्राइव्ह फॉर्म्युला वन गाडीने जिंकलेली ती एकमेव शर्यत, विश्वविजेतेपदाच्या गुणांत न धरलेली का असेना.

द्राक्षबाग_तासगाव · रविवार, संध्याकाळी ७:०५

ह्यो फर्ग्युसन म्हंजी मॅसीवाला? आमच्या आज्याचा ट्रॅक्टर?

वाचनवेडा · रविवार, संध्याकाळी ७:०९

तोच. हॅरी फर्ग्युसन. ट्रॅक्टरची तीन-टोकी जोडणी त्याचीच.

द्राक्षबाग_तासगाव · रविवार, संध्याकाळी ७:११

मंग शर्यत जिकणारच की.

पाइपवाला · बुधवार, रात्री ९:५०

काल रजा टाकून कोल्हापूरला जाऊन आलो. तीन ठिकाणी विचारलं. पहिल्याने हसून चहा पाजला. दुसरा म्हणाला, नमुना आणा, हुबेहूब तसाच करून देतो. नमुन्यासारखा नकोय म्हटल्यावर त्याचा उत्साह मावळला. तिसरा तयार आहे, पण ड्रॉइंग मी द्यायचं, भट्टीत वाकडं झालं तर जबाबदारी माझी, आणि किंमत ऐकून बायकोला अजून सांगितलेली नाही.

तरी करावंसं वाटतंय. ताई, ड्रॉइंग कराल का?

हॉबिंगवाली · बुधवार, रात्री १०:३०

करेन, पण एका अटीवर. आधी गाडीचं वजन करून आणा. पुढचा एक्सल वेगळा, मागचा वेगळा, तुम्ही सीटवर बसलेले असताना.

३५:६५ हा आकडा तुम्ही सिएराचा उचललाय. सिएराचं वजन सिएराचं, तुमचं तुमचं. वाटणी कशाशी जुळवायची असते? कोणत्या एक्सलवर किती भार आहे याच्याशी. भार तिथे पकड, पकड तिथे टॉर्क. उभ्या गाडीचा भार वेगळा, गॅस दिल्यावर मागे सरकलेला वेगळा. तो सरकलेला धरायचा.

पाइपवाला · शनिवार, दुपारी १:१५

ट्रेलर घेऊन उंब्रजजवळ हायवेच्या एका वजनकाट्यावर गेलो. काटेवाल्याने आधी उसाची गाडी नाही म्हणून तोंड वाकडं केलं, मग सांगाडा बघून पोराला हाक मारून फोटो काढले.

पुढचा एक्सल ६१० किलो, मागचा ४७०. एकूण १०८०. काटा दहा-दहाच्या घरात दाखवतो, तेवढी चूक धरा.

पुढे एवढं वजन असेल असं वाटलं नव्हतं. पण इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढेच, मागे नुसते पाइप आणि हवा.

हॉबिंगवाली · शनिवार, दुपारी २:००

गुरुत्वमध्य जमिनीपासून अंदाजे ०.६ मीटर धरते, सांगाडा उंच दिसतोय. पकड बरी असताना ०.४ जी ने (गुरुत्वाच्या ०.४ पट वेगवाढीने) गाडी सुटली असं समजू. सरकणारं वजन म्हणजे १०८० गुणिले ०.४ गुणिले ०.६, भागिले व्हीलबेस २.६४. साधारण ९८ किलो.

पुढे ६१० वजा ९८, म्हणजे ५१२. मागे ५६८.

टक्के काढा.

पाइपवाला · शनिवार, दुपारी २:०६

४७:५३.

फक्त_वाचतोय · शनिवार, दुपारी २:०७

😂😂😂

जिप्सीकर · शनिवार, दुपारी २:२०

आठवडाभर कोल्हापूर-उंब्रज करून भाऊ परत कंपनीच्या आकड्यावर.

हॉबिंगवाली · शनिवार, दुपारी २:४०

हसू नका, आकडा इतका जुळणं हा योगायोगही आहे. गुरुत्वमध्य ०.७ धरला तर ४६:५४ येतं. चिखलात ०.४ जी मिळणारही नाही, मग भार आणखी पुढे. मुद्दा असा की ३५:६५ केलं असतं तर निम्मं वजन पुढे बसलेलं आणि टॉर्क पोचला फक्त एक तृतीयांश. मागची चाकं जागेवर गरगरली असती. ड्रिफ्टला मजा, चढाला नाही. ड्रॉइंग मी करणार नाही.

पाइपवाला · शनिवार, दुपारी ३:०५

पटलं. पण मग पुढचं टोक वळत का नाही? हा प्रश्न राहतोच ना? वाटणी बरोबर, टायर बरोबर, अलाइनमेंट दोनदा केलंय.

मिरज_फिटर · शनिवार, रात्री ८:३०

सगळं वाचलं. हिशोब चांगला आहे, मुलीचं कौतुक.

पाइपवाले, तुम्ही पहिल्या दिवशी शेवटी एक ओळ लिहिली होती. फरशीवर यू-टर्न घेताना अडखळते, कट-कट वाजते. त्याबद्दल कुणी विचारलं नाही. सीव्ही जॉइंट वाजला तर एका बाजूला वळताना जास्त वाजतो. तुमची दोन्हीकडे सारखी अडखळते का? रिव्हर्सलाही?

आणि सेंटर लॉक कुठल्या स्थितीत आहे?

पाइपवाला · शनिवार, रात्री ८:४४

दोन्हीकडे सारखी. रिव्हर्सलाही.

काका, लॉकची मोटर ट्रान्सफर केसवर आहे, पण तिचं वायरिंग मी केलेलंच नाही. कंट्रोलर आणि डॅशबोर्डचा नॉब पोत्यात आहेत. लॉक लागतच नाही असं धरून चाललोय.

मिरज_फिटर · शनिवार, रात्री ८:५२

वायर नाही म्हणजे लॉक नाही, असं नाही. वायर नाही म्हणजे गाडी आडवी झाली तेव्हा जिथे होतं तिथेच आहे.

उद्या एवढं करा. सपाट जागा. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक ओढा. गिअर न्यूट्रल, इंजिन बंद. पुढचं एकच चाक जॅकवर उचला, खाली घोडी लावा, नुसत्या जॅकवर विश्वास नको. चाक हाताने फिरवा. फिरलं तर सेंटर उघडा आहे. अडलं तर लॉक आहे. जोर करू नका, कळतं ते लगेच.

हॉबिंगवाली · शनिवार, रात्री ९:१५

अरे देवा.

काकांचं बरोबर निघालं तर मी रविवारी दुपारभर ज्या वाटणीचा हिशोब लिहिला ती या गाडीत एकदाही लागू झालेली नाही. लॉक असताना ४७:५३ ला काही अर्थच नाही, ती जिप्सी होते.

आणि वळणाचंही उत्तर मिळतं. पुढचा एक्सल ५.५ मीटरच्या वर्तुळात फिरत असेल तर २.६४ च्या व्हीलबेसला मागचा साधारण ४.८ मीटरच्या वर्तुळात फिरतो. म्हणजे पुढच्या चाकांना १४ टक्के जास्त पळायचंय आणि लॉक म्हणतंय, मागच्याएवढंच पळ. फरशीवर ते टायरमधून अडखळत सुटतं. चिखलात पुढची चाकं सरळ घसरतात. मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, दात्यांच्या नादात राहून गेलं.

पाइपवाला · रविवार, सकाळी ८:०५

अडलं. दगडासारखं.

जिप्सीकर · रविवार, सकाळी ८:०९

स्वागत आहे भावा आमच्या कंपूत.

द्राक्षबाग_तासगाव · रविवार, सकाळी ८:३०

म्या म्हणलं हुतं ना, डांबरीवर लिव्हर खाली. तुमची लिव्हर पोत्यात व्हती.

पाइपवाला · पुढचा शनिवार, संध्याकाळी ७:२०

अपडेट. ऑफिसातला एक मित्र वायरिंगमधला दर्दी आहे. मूळ कंट्रोलर, नॉब आणि मोटर जोडायला आम्हाला दोन रात्री लागल्या, त्यातली एक रात्र उंदराने खाल्लेली एक तार शोधण्यात गेली. नॉब फिरवला, मोटर घर्र केली, दिवा गेला. काकांची जॅकवाली चाचणी पुन्हा केली, चाक फिरलं. एका बाजूचं बघून समाधान झालं नाही म्हणून दोन्हीकडचं केलं.

फरशीवर यू-टर्न घेतला, लोण्यासारखा. सीव्ही जॉइंट ठणठणीत आहेत, त्यांची मी विनाकारण बदनामी केली.

आज मामांच्या रानात गेलो. दुपारी सर येऊन गेलेली. पहिलं वळण एकदम वळलं, मी सवयीने आधीच जास्त स्टिअरिंग कापलेलं, गाडी आतल्या बांधावर चढली. मामा वर उभे होते, ओरडले, "आता वळतीया तर झाड सोड!" दुसऱ्या वळणापर्यंत हात बसला. तिसऱ्याच्या आधीच्या चढावर मात्र पुढचं एक चाक उचललं गेलं आणि सगळा जोर तिथून हवेत गेला. तिथे नॉबने लॉक टाकला, चढली, वर गेल्यावर काढला.

मिरज_फिटर · शनिवार, रात्री ८:००

छान. लॉक त्यासाठीच असतो.

एक राहिलं. इतके दिवस फरशीवर लॉकमध्ये फिरवलीय. ट्रान्सफर केसचं तेल काढा. पाणी आलंय का बघा, ड्रेन प्लगच्या चुंबकाला काय लागलंय ते बोटाने चोळून बघा. राखाडी मऊ लेप असेल तर झीज, चालेल. टोचणारे कण असतील तर उघडा.

पाइपवाला · रविवार, सकाळी ९:४०

काढलं. तेल काळपट, पाणी नाही. चुंबकावर राखाडी मलम, बोटाला काही टोचलं नाही. सुती फडक्यावर उन्हात पसरून बघितलं, चमक नाही.

मिरज_फिटर · रविवार, सकाळी ९:५५

नवं तेल भरा. प्लगचा वॉशर नवा घाला, जुना उलटा करून लावू नका.